इतोन-बितोन

खाली नाव न लिहिता कोणी माझं कौतुक केलं तरी मला आधी शंका येते. माझी मुलगी म्हणते, "ममा, यू आर सो पॅरानॉइड." तिचं खरं असेल. एखाद्या हॉटेलाबद्दल इंटरनेटवर चार बऱ्या ओळी दिसल्या की ती तिथे टेबल बुक करून मोकळी होते, आणि मी त्याच ओळी पुन्हा पुन्हा वाचत बसते. हे मालकानेच तर लिहिलं नसेल? त्याच्या मेहुण्याने? कोणी शिव्या घातल्या असतील तर मी आणखीच सावध होते, कारण शिव्या देणारा माणूस खरा असतो असं जग समजतं. हा स्वभाव मी जन्माला येताना आणलेला नाही. तो मला फ्रीमाँटच्या टाउनहाउसमध्ये, शाळेची शेवटची वर्षं चालू असताना लागला. तो कसा लागला ते लिहून ठेवते.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकण किनाऱ्यावर पिढ्यान् पिढ्या राहिलेले, मराठी बोलणारे ज्यू. पपांचं मूळ आडनाव चौलकर. ते शाळकरी असताना आजोबांनी बिऱ्हाड उचललं आणि इस्रायलमधल्या वाळवंटाकडच्या एका लहानशा गावात नेऊन मांडलं. तिथे वर्गातल्या पोरांनी त्या आडनावाची इतकी चेष्टा केली की मोठे झाल्यावर पपांनी ते टाकलं आणि बेन-योसेफ झाले. आई ठाण्याची, तिचं नाव फ्लोरा. लग्न करून ती इस्रायलला गेली, आणि मी लहान असतानाच पपांना सांता क्लाराच्या एका चिप कंपनीत नोकरी मिळाली म्हणून आम्ही तिघं अमेरिकेत आलो. घरात मराठी, पपांचं फोनवर हिब्रू, माझं शाळेत इंग्लिश. आईला हिब्रू प्रार्थना तोंडपाठ होत्या, बाजारापुरतं बोलता यायचं, अक्षर लावत लावत वाचताही यायचं. पण एक ओळ लिही म्हटलं की ती पेन खाली ठेवायची. मला मराठी मात्र तिने हट्टाने शिकवलं, ठाण्याहून मामा पाठवायचा त्या दिवाळी अंकांवरून. तेव्हा मी कुरकुर करायचे. आज हे ज्या भाषेत लिहिते आहे ती तिच्या त्या हट्टामुळे माझ्याकडे आहे.

त्या घराचा आवाज म्हणजे मोडेमचा आवाज. आधी टूं-टूं, मग घसा खरवडल्यासारखी घरघर, आणि मग अचानक शांतता, की समजायचं पपा लागले. त्यांचा कॉम्प्युटर गॅरेजमध्ये, जुन्या गालिच्याच्या तुकड्यावर होता. गॅरेज आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये एकच दार, आणि ते कधी नीट लागायचं नाही, त्यामुळे फोडणीचा वास आत जायचा आणि की-बोर्डची टकटक बाहेर यायची. शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथचे, म्हणजे आमच्या विश्रांतीच्या दिवसाचे, दिवे लावायच्या आधी सगळं बंद व्हायचं. आई काळ्या मनुका भिजवून त्यांचा शरबत करायची, नारळाच्या दुधातलं मटण, भात, आणि बाजूला कोथिंबिरीची चटणी. पपा शरबताचा पेला हातात घेऊन आशीर्वाद म्हणायचे आणि त्यांची नजर गॅरेजच्या दाराकडे जायची. शनिवारी सूर्य मावळला रे मावळला की खुर्ची सरकल्याचा आवाज यायचा. आई म्हणायची, "गेले मीटर बघायला."

मीटर म्हणजे साइटवर किती लोक येऊन गेले ते दाखवणारा आकडा. साइटचं नाव 'हाशाखेन', म्हणजे शेजारी. सुरुवातीला ती साइटही नव्हती. पपांच्या ऑफिसात इस्रायलहून आलेली बरीच मंडळी होती, नवीन माणूस आला की त्याचे प्रश्न तेच, लायसन्स कसं काढायचं, शाळा कुठली बरी, हिब्रू बोलणारा दाताचा डॉक्टर आहे का. पपांनी उत्तरं एका ई-मेलमध्ये लिहिली, ती फिरत फिरत लॉस एंजेलिसपर्यंत गेली. मग त्यांनी तिचं वेब पेज केलं. तेव्हा हिब्रू ही वेब पेजवर सरळ येणारी गोष्ट नव्हती. उजवीकडून डावीकडे लिहायची भाषा आणि डावीकडून उजवीकडे चालणारं यंत्र. ओळ टाकली की शब्द उलटे, शब्द सुलटे केले की टेलिफोन नंबर उलटा. पहिल्या जाहिरातीत एका सुताराचा नंबर उलटा छापला गेला आणि कुठल्याशा म्हातारीला आठवडाभर हिब्रूत कपाटांची चौकशी करणारे फोन गेले. आई पदराआड हसली होती. "अहो, तुमची गंगाच उलटी वाहते," ती म्हणाली. पपाही हसले. ते तेव्हा हसायचे.

रिव्का मावशी त्याच सुमारास आमच्या घरात आली. ती आमच्याच कॉम्प्लेक्समध्ये समोरच्या रांगेत राहायची. हैफाला ती शाळेत हिब्रू शिकवत होती, इथे नवऱ्याच्या व्हिसावर आलेली, त्यामुळे नोकरी करायची सोय नाही. आईचंही तेच. दोघी एकदा कपडे वाळत टाकण्यावरून ओळखीच्या झाल्या, कारण आमच्या असोसिएशनला बाल्कनीत कपडे दिसलेले चालत नसत आणि दोघींनाही एकाच दिवशी चिठ्ठी आली होती. पपांचं हिब्रू वेगवान होतं पण त्यात चुका असायच्या, शाळेत अर्ध्यातून शिकलेल्या माणसाच्या चुका. रिव्का मावशीने एकदा वाचून नाक मुरडलं आणि दुसऱ्या दिवसापासून तपासायलाच बसली. दर गुरुवारी दुपारी ती यायची, पपांनी छापून ठेवलेले कागद आमच्या जेवणाच्या टेबलावर पसरायची, आणि आई तिच्यापुढे काहीबाही ठेवत राहायची, कांदाभजी, सांदण, चहा. ती बोट दाखवून विचारायची, "हे काय?" आणि आई मोडक्या हिब्रूत, मोडक्या इंग्लिशमध्ये सांगायची. चार ओळी तपासायच्या आणि तासभर बोलायचं असा तो कारभार होता. आईला मी इतकी बोलताना त्याआधी पाहिलं नव्हतं. मला वाटतं अमेरिकेत आईची ती एकच मैत्रीण. ठाण्याला तिच्या चाळभर मैत्रिणी होत्या.

मग सांता क्लारातल्या कंपन्यांमधून माणसं कमी करायला लागले आणि पपांची नोकरी गेली; ग्रीन कार्ड तेवढं नशिबाने आधीच हाती आलं होतं. तोपर्यंत हाशाखेन हा शनिवारचा छंद होता, आता त्याच्यावर घर चालवायचं होतं. पपा सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून गॅरेजमध्ये जायचे. त्यांनी बातम्या वाढवल्या, शाळेची निवडणूक, व्हिसाचे नियम, कुठल्या दुकानात इस्रायली चीज आलं. जाहिरात देणारे विचारायचे, "किती लोक बघतात?" आणि मीटर काही हलायचं नाही. तेव्हा त्यांनी प्रत्येक बातमीखाली एक चौकट टाकली, की वाचणाऱ्याने आपलं मत लिहावं. इस्रायली माणसाला मत विचारणं म्हणजे उताराला लागलेल्या गाडीला धक्का देणं. बातमी चार ओळींची आणि खाली मतांची रांग. त्या रांगेत एक दिवस, न्यू जर्सीहून लिहितो म्हणत, 'खरा साब्रा' उगवला.

साब्रा म्हणजे त्या मातीत जन्मलेला, अस्सल. त्याने लिहिलं होतं की या संपादकाचं हिब्रू वाचून दात दुखतात, आणि यांचं खरं आडनाव बेन-योसेफ नाहीच, चौलकर आहे, हे कढीभात खाणारे इंडियन लोक आपल्याला बातम्या सांगणार का? पपांनी ते आम्हाला जेवताना वाचून दाखवलं, अगदी सपाट आवाजात. आईने हातातला घास खाली ठेवला. त्या आठवड्यात मीटर दुपटीने पळालं. निम्मे लोक साब्राला शिव्या देत होते, निम्मे त्याची री ओढत होते, आणि सगळे दुसऱ्या दिवशी परत येत होते, आपल्याला कोण काय म्हणालं ते बघायला.

साब्रा थांबला नाही. शब्बाथ सुटल्यावर आम्ही मलिदा केला होता, नवस फेडायचा म्हणून, ताटात गूळ-खोबऱ्याचे पोहे आणि फळं, मध्ये गुलाब, एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याच्या नावाने. पुढच्याच आठवड्यात साब्राने लिहिलं, संपादकांच्या घरी संदेष्ट्याला पोहे खायला घालतात. मग लिहिलं, संपादकांच्या बायकोला हिब्रूत एक ओळ लिहिता येत नाही आणि ती साइटच्या आकड्याला विजेचं मीटर समजते. हे वाचल्यावर मात्र आई उठून स्वयंपाकघरात गेली, आणि पाण्याचा नळ बराच वेळ चालू राहिला. मीटर हा शब्द तर आमच्या चार भिंतींतला. "कुठेतरी पाणी मुरतंय," ती बाहेर येऊन म्हणाली. "आपल्या घरात येऊन जाणारंच कोणीतरी आहे हे."

संशय एकदा घरात आला की तो पाहुण्यासारखा दिवाणखान्यात बसत नाही, सगळ्या खोल्यांतून फिरतो. आई माणसं आठवायला लागली. मलिद्याला कोण होतं, टेबलाजवळ कोण बसलं, कोणाला हिब्रू लिहिता येतं. सिनेगॉगमधल्या बायकांशी ती तुटक बोलू लागली. कोणी हसलं की का हसली, कोणी नाही हसलं की का नाही. मी पण तिच्यासारखीच झाले. शाळेत एक इस्रायली मुलगा मला "हाय" म्हणाला तर मी त्याला तुझ्या घरी हाशाखेन कोण वाचतं असं विचारलं. पपा तेवढे शांत होते. आई म्हणायची, माणूस किती सोसतो बघ.

आमच्या ओळीत तीन घरं सोडून मेश्राम काका राहायचे, नागपूरचे, नेटवर्कवाले. पूर्वी ते आणि पपा एका गाडीने ऑफिसला जायचे, आणि हाशाखेनचा सर्व्हरही त्यांनीच उभा करून दिला होता. चौदा एप्रिलला त्यांच्याकडून खीर यायची, आमच्या नव्या वर्षाला आमच्याकडून गव्हाच्या चिकाचा हलवा जायचा. आईने त्यांना बोलावून विचारलंच.

"वहिनी, बघितलं मी," काका म्हणाले. "कॉमेंट लिहिणारा लांबचा नाही. इथंच फ्रीमाँटमध्ये बसून लिहून राहिला तो. न्यू जर्सी-बिर्सी काही नाही."

"म्हणजे शेजारपाजारचं?"

"आता घर नंबर नाही ना सांगता येत. पण म्हणाल तर मी ब्लॉक करून टाकतो त्याला."

"जाऊ दे रे मेश्राम," पपा गॅरेजच्या दारातून म्हणाले. "ब्लॉक केलं की लोक म्हणतील घाबरला. लिहू दे."

काका खांदे उडवून चहा प्यायले. आई मात्र ऐकत नव्हती. ती खिडकीतून समोरच्या रांगेकडे बघत होती. फ्रीमाँटमध्ये राहणारं, मलिद्याला असलेलं, मीटर हा शब्द ऐकलेलं आणि हिब्रूवर ज्याचा हात चालतो असं माणूस तिच्या हिशेबात एकच उरलं होतं, आणि ते तिला नको होतं. ती दोन गुरुवार गप्प राहिली. भजी केली, चहा केला, पण समोर बसली नाही. रिव्का मावशीने मला विचारलं, आईला बरं नाही का? मी "शीज फाइन" म्हटलं.

त्यानंतर साब्राने ते लिहिलं. त्याने लिहिलं, संपादकांच्या बायकोला विचारा, लग्नाची नोंद करायला गेली तेव्हा तिला आजीचं आणि पणजीचं नाव का सांगावं लागलं, आणि आपण ज्यू आहोत याचा दाखला आणायला तिला परत का पाठवलं. ही गोष्ट मलाही माहीत नव्हती. इस्रायलमध्ये उतरल्यावर पंधरवड्याच्या आत, कुठल्या तरी कचेरीत, नव्या साडीतल्या आईला एका कारकुनाने हे विचारलं होतं आणि रांगेतली माणसं वळून बघत होती. आईने हे आयुष्यात एकाच माणसाला सांगितलं होतं, आमच्या जेवणाच्या टेबलावर, एका गुरुवारी. पपांना सांगायचा प्रश्नच नव्हता, ते त्या दिवशी तिच्या शेजारीच उभे होते. आणि शेजारी उभं असलेलं माणूस तिने मोजलंच नाही. मीही मोजलं नाही.

त्या गुरुवारी रिव्का मावशी आली तेव्हा टेबल पुसलेलं होतं, वर काहीच नव्हतं. आई उभी होती. तिने आदल्या रात्री माझ्याकडून हिब्रू वाक्य शिकून घोकलं होतं, पण ऐन वेळी तिच्या तोंडून इंग्लिशच आलं.

"व्हाय यू राइट धिस, रिव्का?"

"काय लिहिलं मी?"

आईने छापलेला कागद पुढे केला. रिव्का मावशीने तो उभ्या उभ्या वाचला. वाचताना तिच्या गळ्यावर लाल डाग चढत गेले. "फ्लोरा," ती म्हणाली, "हे तू मला सांगितलंस म्हणून मी लिहिलं असं तुला वाटतं?"

"आय टोल्ड ओन्ली यू."

रिव्का मावशीने गॅरेजच्या दाराकडे पाहिलं. पपा तिथेच होते, दार नेहमीप्रमाणे अर्धवट उघडं, त्यांची पाठ दिसत होती. ती त्यांना हिब्रूत म्हणाली, तुम्ही तरी काही बोला. पपा वळले नाहीत. "मला यात ओढू नका," ते म्हणाले, "हे तुम्हा बायकांचं." मग ती चपला घालून गेली. आईने दार लावलं, कडी घातली, आणि वर साखळीही लावली, दुपारी तीन वाजता.

पुढचे महिने हाशाखेन नुसती वाढत गेली. सामान हलवणारे, वकील, फलाफलवाले, दातांचे तीन-तीन डॉक्टर, सगळ्यांना तिच्यावर जागा हवी झाली. बॉस्टन आणि न्यू जर्सीहून लोक तिकडच्या बातम्या पाठवायला लागले. न्यूयॉर्कचा एक हिब्रू प्रकाशक पपांशी भागीदारीचं बोलू लागला, त्याचा फोन आला की पपा उभं राहून बोलायचे. तपासणारं कोणी नसल्यामुळे चुका वाढल्या होत्या; लोक चुकांवर हसायला यायचे, आणि आले की वाचायचे. पपांनी नवा मॉनिटर घेतला. आई साइटबद्दल पूर्वी 'आपला हाशाखेन' म्हणायची, आता 'तुमचं ते' म्हणायला लागली. समोरच्या रांगेकडची खिडकी तिने पडदा ओढून कायमची बंद केली, त्यामुळे स्वयंपाकघरात दिवसासुद्धा दिवा लावावा लागायचा.

चुका फारच झाल्या तेव्हा पपांनी मला बसवलं. माझं हिब्रू काही फार नव्हतं, पण शाळेच्या सुट्टीत थोडं तरी बघ म्हणाले. एका रविवारी सकाळी मी गॅरेजमध्ये बसून खालची मतं वाचत होते, आणि साब्राचं ताजं मत आलं होतं: 'इतोन-बितोन कसलं हे, इंडियन चुलीचा धूर आहे.' इतोन म्हणजे वर्तमानपत्र. त्याखाली कोणा वाचकाने विचारलं होतं, 'हा बितोन कोण? माझा शेजारी बितोन तर नव्हे?' कारण बितोन हे तिकडे पाटील-जोशींसारखं पैशाला पासरी आडनाव आहे. खाली आणखी दोघांनी बितोनवरून विनोद केले होते. मी आधी हसले. मला मजा वाटली की त्यांना एवढं साधं कळत नाही. चहाबिहा, पेपरबिपर, तसं इतोनबितोन. मग मी वर जाऊन साब्राची ओळ परत वाचली.

कारण इस्रायली माणूस इतोन-बितोन म्हणत नाही. तो इतोन-श्मितोन म्हणतो. कशाची टर उडवायची तर ते लोक दुसऱ्या शब्दाला 'श्म' लावतात, रिव्का मावशी तर दिवसातून दहादा लावायची, भजी-श्मजी सुद्धा म्हणायची आणि आई हसून हसून बेजार व्हायची. 'ब' लावतो तो मराठी माणूस. त्या मातीत जन्मलेला, अस्सल, खरा साब्रा मराठीत विचार करत होता. फ्रीमाँटमध्ये मराठीत विचार करून हिब्रूत लिहिणारी माणसं किती असणार? मेश्राम काकांना हिब्रूचं अक्षर येत नव्हतं. आईला ओळ लिहिता येत नव्हती. मी लिहिलं नव्हतं.

पपा चहाचा कप घेऊन आत आले तेव्हा मी स्क्रीनकडे बोट दाखवलं. "पपा, साब्रा 'बितोन' का लिहितो?"

त्यांनी वाकून वाचलं. मला वाटलं ते काहीतरी थाप मारतील, आणि देवाशपथ, मला ती थाप हवी होती. ते खाली गालिच्यावरच बसले.

"पहिलं मी नव्हतं लिहिलं," ते म्हणाले. "पहिलं खरंच कोणीतरी लिहिलं होतं, आपलं आडनाव कुठून कळलं कोणास ठाऊक. आणि त्या आठवड्यात मीटर बघितलंस ना तू? मग तो परत आलाच नाही. मी वाट बघितली, शुली."

"सो यू बिकेम हिम?"

"लोक बातमी वाचायला येत नाहीत गं. भांडण वाचायला येतात. आणि मला कष्ट नाही पडले. शाळेत मला जे जे म्हणायचे ते सगळं पाठ आहे, नुसतं टाइप करायचं. दुसऱ्याने म्हणण्याआधी आपणच म्हटलं की तेवढं लागत नाही."

"तुम्हाला लागत नाही. आईचं काय? तो दाखला? तो तुम्ही लिहिलात?"

त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "न्यूयॉर्कचं पक्कं होऊ दे. मग मी साब्राला बंद करतो. तोवर आईला काही बोलू नकोस." आणि मग, हळू आवाजात, "रिव्काला तसंही नवऱ्याबरोबर परत जायचंच होतं."

हे वाक्य ते बोलले नसते तर मी काय केलं असतं कोणास ठाऊक. पपांबद्दल मला आजही दुहेरी वाटतं. तो वर्गातला मुलगा माझ्या डोळ्यांपुढे येतो आणि माझा राग विरघळतो, आणि मग त्यांची पाठ डोळ्यांपुढे येते, त्या गुरुवारची, न वळलेली. त्या सकाळी मात्र दुहेरी काही नव्हतं. मी ते पान छापून घेतलं आणि सरळ स्वयंपाकघरात गेले. आई खाली विळीवर नारळ खवत होती.

"आई, साब्रा म्हणजे पपा आहेत."

"काहीतरी बोलू नकोस."

मी तिला ते मत वाचून दाखवलं. इतोन-बितोन ऐकून ती फसकन हसली, जशी मी हसले होते. मग तिचं हसू गेलं. ती म्हणाली, "परत वाच." मी परत वाचलं. खवलेल्या नारळाच्या ढिगावर हात तसाच ठेवून ती बसून राहिली. गॅरेजचं दार अर्धवट उघडं होतं आणि पलीकडे पपा होते, त्यांना सगळं ऐकू येत होतं, हे आम्हा तिघांना माहीत होतं. मला वाटलं ती ओरडेल, रडेल, तिकडे जाईल. तिने पपांचं नावही काढलं नाही. ती म्हणाली, "म्हणजे रिव्काने काहीच केलं नव्हतं."

तिने विळी आडवी केली, हात धुतले, साडी बदलली, कानात कुड्या घातल्या. मला म्हणाली, "चल माझ्याबरोबर. मला शब्द नाही सुचले तर तू सांग." आम्ही मधला रस्ता ओलांडून समोरच्या रांगेत गेलो. इतक्या महिन्यांत मी पहिल्यांदाच त्या बाजूने आमचं घर पाहिलं. आमचीच तेवढी खिडकी झाकलेली होती.

रिव्का मावशीने दार उघडलं. मागे खोक्यांची चळत दिसत होती, ती खरंच परत निघाली होती. आईने हात जोडले. मग तिला सगळं सांगायचं होतं आणि एकही भाषा पुरी पडत नव्हती. हिब्रूत सुरू करून ती इंग्लिशमध्ये अडली, आणि मग मराठीतच बोलत सुटली, आणि मी भाषांतर करत राहिले. मी पपांचं सांगितलं, बितोनचं सांगितलं. रिव्का मावशी बितोनवर हसली नाही. तिने मान हलवली, जणू चूक कुठे होती ते सापडलं. आई म्हणाली, "सांग तिला, ह्यांनी केलं. ह्यांनी आमच्या दोघींचा घात केला."

मी सांगितलं.

"त्याचं मी समजू शकते," रिव्का मावशी म्हणाली. ती हळूहळू, सोप्या हिब्रूत बोलत होती, आईला कळावं म्हणून, वर्गात बोलावं तशी. "त्याला साइट चालवायची होती. त्याने ते लिहिलं. पण फ्लोरा, ते वाचून तुला मी दिसले."

मी भाषांतर करायला तोंड उघडलं. आईने माझा दंड धरला. तिला एकेक शब्द कळला होता.

रिव्का मावशीने आईच्या गालाला हात लावला, एकदाच, आणि दार लावून घेतलं, जोरात नाही. परत येताना आई माझा दंड धरूनच चालली. आमच्या पायरीपाशी ती थांबली. आत पपांचा मोडेम लागत होता, ती घरघर बाहेरपर्यंत ऐकू येत होती.

"बरोबर बोलली ती," आई म्हणाली, आणि किल्ली हातात असून तिने दार उघडलं नाही.